डिझेल तापमान सेन्सर: दोष सेन्सरमध्ये की वायरमध्ये?

कॉमन रेल (सगळ्या इंजेक्टरांना एकाच उच्च दाबाच्या नळीतून डिझेल देणाऱ्या) डिझेल गाडीवर डिझेल तापमान सेन्सरच्या सर्किटचा, म्हणजे पी-०१८० ते पी-०१८४ यांपैकी, एखादा बिघाडाचा कोड आला की बहुतेक ठिकाणी सरळ सेन्सर बदलला जातो. चार दिवसांनी तोच कोड परत येतो, कारण बिघाड कपलरमध्ये (वायरींच्या प्लगमध्ये) किंवा वायरमध्ये असतो. खरं तर सेन्सर निर्दोष आहे की नाही, हे नवा भाग विकत न घेता अर्ध्या तासात ठरवता येतं. त्यासाठी लाइव्ह डेटा दाखवणारा स्कॅनर, डिजिटल मल्टीमीटर, दोन पिना थेट जोडायला बारीक जंपर वायर आणि ३३० ओहमचा एक साधा रेझिस्टर एवढं पुरतं.

आधी सेन्सर कसा चालतो ते पाहू. त्याच्या आत एनटीसी थर्मिस्टर असतो. डिझेल तापलं की त्याचा रोध (रेझिस्टन्स) कमी होतो. ईसीएम, म्हणजे इंजिनचा कंट्रोल कॉम्प्युटर, आपल्या आतल्या एका रेझिस्टरमधून ५ व्होल्ट पाठवतो आणि सेन्सरवर किती व्होल्ट उरले ते मोजतो. व्होल्टेज जास्त म्हणजे डिझेल गार, कमी म्हणजे गरम. त्यामुळे वायर तुटली तर ईसीएमला डिझेल उणे ४० अंशांवर दिसतं आणि पी-०१८३ लागतो. सिग्नल वायर अर्थला चिकटली तर तापमान १२० अंशांच्या वर दिसतं आणि पी-०१८२ लागतो. पी-०१८४ म्हणजे संपर्क अधूनमधून तुटतो आहे. सगळ्यात चकवणारा पी-०१८१. यात सर्किट चालू असतं, पण मिळणारं माप पटणारं नसतं.

पी-०१६८ आला असेल तर मात्र घाई करू नका. त्याचा अर्थ डिझेल प्रमाणाबाहेर तापलं आहे, आणि सेन्सर कदाचित खरंच सांगत असतो. टाकीत डिझेल तळाला गेलं की परतीच्या लाइनमधून येणारं गरम डिझेल तिथेच फिरत राहतं. परतीच्या लाइनवर कूलर असेल तर तो चिखलाने भरलेला नाही ना, तेही पाहा.

सेन्सर शोधताना गल्लत होते. तो हाय प्रेशर पंपाच्या इनलेटपाशी, परतीच्या लाइनवर किंवा डिझेल फिल्टरच्या डोक्यावर असतो, आणि बहुधा दोन पिनचा असतो. फिल्टरच्या तळाशी असतो तो पाण्याचा सेन्सर. रेलच्या टोकाला तीन पिनचा असतो तो रेल प्रेशर सेन्सर, त्याला हात लावायचा नाही. खाली दिलेली जंपरची चाचणी तीन पिनच्या सेन्सरवर केली तर इतर सेन्सरांनाही मिळणारा ५ व्होल्टचा पुरवठा कोसळू शकतो. इंजिन चालू असताना हाय प्रेशर पाइपचा नट कधीही सैल करू नका. तिथला दाब हजार बारच्या वर जाऊ शकतो आणि डिझेलची धार कातडीत घुसते.

पहिली तपासणी सकाळी, गाडी रात्रभर उभी राहिल्यावर. इंजिन न लावता चावी ऑन करा आणि स्कॅनरवर डिझेल, कूलंट आणि हवेचं तापमान शेजारी शेजारी पाहा. तिन्ही आकडे चार-पाच अंशांच्या आत हवेत. कोड लागलेला असताना काही ईसीएम खऱ्या मापाऐवजी ठरावीक आकडा दाखवतात, म्हणून आधी कोड पुसा आणि मग वाचा.

आता कपलर काढा. आत हिरवी बुरशीसारखी पूड दिसली तर पाणी शिरलं आहे. पावसाळ्यात किंवा प्रेशरने इंजिन धुतल्यावर हे हमखास होतं. आत डिझेलचा ओलावा असेल तर सेन्सरचं सील गेलं आहे. हे डिझेल तांब्याच्या तारांमधून वर चढत हार्नेसमध्येही (वायरींच्या जुडग्यातही) जातं. उसाच्या फडाशेजारी उभ्या राहणाऱ्या गाड्यांमध्ये उंदरांनी कुरतडलेल्या वायरी आधी शोधा, तेही हार्नेस क्लिपखाली वळतो तिथे, कारण वरून सगळं धड दिसतं.

कपलर सुटा असताना स्कॅनर उणे ४० च्या आसपास गेला पाहिजे. आकडा गरमच राहिला तर सिग्नल वायर कुठेतरी अर्थला लागली आहे. आकडा गार झाला, पण सेन्सर जोडला की पुन्हा गरम दिसतो, तर सेन्सर आतून शॉर्ट आहे. मग हार्नेसकडच्या दोन पिना जंपरने जोडा. आता आकडा गरम टोकाला गेला पाहिजे. मीटरचा जाड प्रोब पिनमध्ये कोंबू नका. पिन फाकते आणि नवाच दोष तयार होतो.

आकडा हललाच नाही तर मल्टीमीटर घ्या. चावी ऑन, कपलर सुटा. दोन पिनांमध्ये सुमारे ५ व्होल्ट हवेत. सिग्नल पिन आणि बॅटरीचा निगेटिव्ह यांच्यात ५ येतात, पण दोन पिनांमध्ये येत नाहीत, तर सेन्सरची अर्थ वायर तुटली आहे. कुठेच काही नाही, तर सिग्नल वायर तुटली आहे किंवा अर्थला लागली आहे. १२ व्होल्ट दिसले तर ती बॅटरीच्या वायरला चिकटली आहे. टेस्ट लॅम्प या वायरींना कधीही लावू नका.

५ व्होल्ट दिसले म्हणून वायर चांगली असं मात्र समजू नका. मीटर जवळपास करंट ओढतच नाही, त्यामुळे गंजलेल्या जोडातूनही पूर्ण ५ व्होल्ट दिसतात. इथेच पी-०१८१ लपतो. बॉशच्या नेहमीच्या सेन्सरचा रोध ० अंशांना सुमारे ५९०० ओहम, २० ला २५००, ४० ला ११७५, ६० ला ६००, ८० ला ३२० आणि १०० ला १८५ असतो. आता समजा, कपलरमधल्या गंजाने ३०० ओहमची भर घातली. २० अंशांना २५०० चे २८०० झाले, आकडा १७ दिसतो, कुणाला शंकाही येत नाही. ८० अंशांना मात्र ३२० चे ६२० होतात आणि ईसीएमला डिझेल ६० अंशांच्याही खाली वाटतं. गार इंजिनवर सगळं ठीक, घाटात गाडी तापली की ओढ कमी, असं होण्याचं एक कारण हे आहे. डिझेल प्रत्यक्षाहून घट्ट समजून ईसीएम कमी मात्रा देतो, आणि तापलेल्या डिझेलपासून पंपाला वाचवायला पॉवर कमी करायची तीही वेळेवर करत नाही.

हा दोष पकडायला जंपरच्या जागी ३३० ओहमचा रेझिस्टर जोडा. वरच्या आकड्यांच्या सेन्सरसाठी स्कॅनरने ८० अंशांच्या जवळपास दाखवलं पाहिजे. ६० च्या खाली दाखवलं तर वायरिंगमध्ये जादा रोध आहे. वेगळ्या कंपनीचा सेन्सर असेल तर गाडीच्या मॅन्युअलमधला तक्ता घ्या.

मग बॅटरीचा निगेटिव्ह आणि ईसीएमचा कपलर काढून दोन्ही वायरी टोकापासून टोकापर्यंत मोजा. प्रत्येकीत १ ओहमच्या आत, आणि अर्थशी किंवा एकमेकींशी अजिबात कंटिन्युटी नको. मीटर लावलेला असतानाच हार्नेस वीत वीत वाकवत जा. पी-०१८४ असा हलवल्याशिवाय सापडत नाही.

सेन्सरचा रोध मोजताना आजूबाजूचं तापमानही नोंदवा. बाहेर काढलेला असेल तर फक्त टोक गरम पाण्यात धरा, पिना कोरड्या ठेवा. पाणी निवत जाईल तसा रोध सलग वाढायला हवा. मध्येच उडी मारली तर सेन्सर टाकून द्या.

वायर जोडताना पीळ देऊन चिकटपट्टी लावू नका. तेवढ्याच जाडीची वायर घ्या, क्रिंप किंवा सोल्डर करा आणि आतून गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह चढवा. दोन वायरींचे जोड एकाच जागी नकोत. हिरवी पडलेली पिन घासून वाचत नाही, ती बदला. डिझेल वर चढलेली वायर कापत जा आणि कोरडं, चकचकीत तांबं दिसेल तिथे थांबा.

सेन्सर बसवताना ओ-रिंग नवी, डिझेलने ओली केलेली. टॉर्क मॅन्युअलप्रमाणे. प्रायमर पंपाने हवा काढा, इंजिन लावा, गळती पाहा, कोड पुसा. गाडी चांगली तापेपर्यंत चालवा आणि आकडा हळूहळू, न अडखळता चढतो आहे ना ते पाहा. दुसऱ्या दिवशी सकाळी तेच तीन आकडे पुन्हा शेजारी लावा.