कुलूपबंद घराचा चित्रपट कसा करावा

बीड जिल्ह्यातील आष्टी, पाटोदा किंवा धारूर तालुक्यात दिवाळीनंतर फिरताना अनेक गावांत ओळीने कुलूपबंद घरे दिसतात, कारण मुकादमाकडून, म्हणजे मजूर पुरवणाऱ्या कंत्राटदाराकडून, घेतलेली उचल (आगाऊ रक्कम) फेडण्यासाठी ऊसतोड कामगारांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात गेलेल्या असतात. या विषयावरचा नेहमीचा माहितीपट थेट उसाच्या फडात जाऊन कोयता दाखवतो. माहितीपट, कथापट आणि दृश्यकला यांच्या सीमेवर काम करू पाहणाऱ्याने आधी या कुलपापाशी थांबावे.

एकच दार निवडून, कॅमेरा तिकाटण्यावर स्थिर ठेवून, सलग दहा मिनिटे चित्रण करावे. सेकंदाला 25 चौकटी (फ्रेम) आणि शटर 1/50 सेकंद ठेवल्यास, आपल्याकडील वीज 50 हर्ट्‌झची असल्याने, दिव्यांच्या लुकलुकण्याचे पट्टे सहसा उमटत नाहीत. आवाज वेगळा नोंदवावा; रिकाम्या गल्लीचा आवाज कानाला वाटतो तितका रिकामा नसतो.

खरे काम पट्टा पडल्यावर, म्हणजे कारखान्यांचा हंगाम संपून माणसे परतली की सुरू होते. त्या घरातील बाईंना, निघण्याच्या दिवशी जसे कुलूप लावले होते तसेच पुन्हा लावून दाखवण्याची विनंती करावी. आता कोणी कोठेही निघालेले नाही, म्हणून हा पुरावा नव्हे; पण दार, किल्ली आणि तो हात खरा असल्यामुळे ही निव्वळ कल्पितकथाही नव्हे. कसे करायचे ते सांगू नये, फक्त निघताना शेवटी काय पाहिले होते एवढेच विचारावे. माझ्या मते पहिलेच चित्रण ठेवावे, कारण दुसऱ्या वेळी हाताला अभिनय सुचू लागतो. शेजारणीचे हसणे आणि ‘जरा मागे सरका’ म्हणणारा आपला स्वतःचा आवाज कापू नये. हे घडवून आणलेले दृश्य आहे, हे प्रेक्षकाला त्यांतूनच कळते. चित्रण त्यांना तिथेच दाखवावे, नको म्हणाल्या तर कारण न विचारता पुसावे आणि गेलेल्या वेळेची मजुरी द्यावी. किल्ली कोठे ठेवतात हे मात्र चुकूनही दाखवू नये, कारण पुढच्या हंगामात ते घर पुन्हा बंद असणार आहे.

मांडणीसाठी शेजारी शेजारी दोन पडदे लावावेत. एकावर बंद दाराची सात मिनिटे आणि दुसऱ्यावर कुलूप लावण्याचा अकरा मिनिटांचा प्रसंग, दोन्ही अखंड फिरते ठेवावेत. एकत्र सुरू केलेले हे दोन्ही तुकडे पुन्हा एकदम सुरू व्हायला 77 मिनिटे लागतात, त्यामुळे तोवर दारासमोर दरवेळी वेगळा क्षण येत राहतो. कलादालनात नेण्यापूर्वी पहिला खेळ गावच्या शाळेच्या चुना दिलेल्या भिंतीवर करावा, आणि तोही दसऱ्याच्या आत, कारण त्यानंतर पाहायला घरचे लोकच गावात राहत नाहीत.