वस्तीत बायकांसाठी शिवणाचा क्लास चालू करायचाय? मग आधी मशीन घेऊ नका

दरवर्षी शाळा सुरू झाल्या की कोणीतरी विचारतंच, ताई आमच्या भागातल्या बायकांसाठी काहीतरी करायचंय, शिलाई मशीन द्यायला एक देणगीदार तयार आहेत, पुढं काय करू. माझं उत्तर ठरलेलं, मशीन घेऊ नका. म्हणजे आत्ता नका घेऊ. मशीन ही यातली सगळ्यात सोपी गोष्ट आहे, द्यायलाही लोकांना आवडतं कारण फोटो चांगला येतो, पाहुणे येतात, नारळ फुटतो, आणि दिवाळीनंतर बघावं तर मशीनवर जुनी चादर आणि चादरीवर घडी घातलेले कपडे. क्लास कधी मशीनवाचून मोडत नाही, तो मोडतो वेळेपायी, लेकरांपायी, आणि शिकून पुढं काय याचं उत्तर कोणाकडंच नसतं म्हणून. त्यामुळं मी हे सगळं उलट्या बाजूनं सांगणार आहे, आधी शेवट ठरवा आणि मग सुरुवात. मी सोलापूरची, उदाहरणं इकडचीच येणार, तुमच्या गावाप्रमाणं बदलून घ्या.

शेवट म्हणजे बाईच्या हातात पहिले पैसे कोण देणार ते. सोलापुरात युनिफॉर्मचा धंदा मोठा आहे, शाळेचे, हॉस्पिटलचे, कंपन्यांचे ड्रेस इथून बाहेर जातात. आता तुम्ही सहा महिने ब्लाउज शिकवला आणि बाईला युनिटमध्ये पाठवलं तर तिथला मास्तर पहिल्याच दिवशी विचारतो, पॉवर मशीन चालवता येतं का, कॉलर बसवता येते का. तिनं आयुष्यभर पायानं मशीन हाणलेलं, पॉवर मशीनला नुसता पाय टेकला तरी ते सुसाट पळतं आणि ती घाबरून उठते. घरी बसून काम करायचं असेल तर मात्र ब्लाउज, फॉल-पिको, परकर, जुन्या साड्यांच्या गोधड्या हेच चालतं, युनिफॉर्मची कॉलर गल्लीत कोण शिवून घेणार. म्हणजे हे दोन वेगळे क्लास आहेत, एकाच नावाखाली चालवू नका. क्लास उघडण्याआधी चार-पाच युनिटमध्ये जाऊन बसा, कोणती माणसं कमी पडतात, पीसवर काय देता, बायकांसाठी संडास आहे का, सुटी किती वाजता होते, सगळं विचारा. संडासाचं मुद्दाम लिहिलंय.

आता वेळ. आमच्याकडं नळाला पाणी रोज येत नाही, काही दिवसांआड येतं, आणि ज्या दिवशी पाणी त्या दिवशी क्लासला कोणी येत नाही, येऊ पण नये. तर वेळापत्रक करताना त्या भागाचा पाण्याचा वार बघा. पूर्व भागातल्या विडीवाल्या बायकांचं अजून वेगळं, मजुरी हजार विड्यांवर, त्यामुळं मांडीवरचं सूप खाली ठेवलं की पैसे बंद, मग कारखान्यात माल जमा करायची वेळ ठरलेली. त्यांना सकाळी अकराला बोलावलं तर त्या हसतात. धुण्याभांड्याची कामं करणाऱ्यांना दुपारी दोन ते चार जमतं. खेड्यात क्लास असेल तर पेरणी, खुरपणी, सुगी यात सुटी द्या, ऊसतोडीला जाणाऱ्या घरातल्या बायका तर दिवाळीच्या आसपास गावच सोडतात, त्यांचा क्लास उन्हाळा-पावसाळ्यातच बसवावा लागतो. वेळ तुम्ही ठरवू नका, दहा घरं फिरा, प्रत्येक बाईला विचारा की काल दिवसभर काय काय केलंस, ते लिहून घ्या, सगळ्यांचा मोकळा तुकडा कुठं जुळतो ते आपोआप दिसतं. दोन तास खूप झाले. तीन तासांचा क्लास कागदावर छान दिसतो, तिसऱ्या तासाला मात्र निम्म्या बायका उठलेल्या असतात.

लेकरं. ज्या खोलीत क्लास आहे त्याच्या शेजारी सतरंजी, चार खेळणी आणि एक मोठी मुलगी किंवा आजी, तिला थोडे पैसे द्या, फुकट बसवू नका. हा खर्च देणगीदाराला सांगायला लोक लाजतात, का कोण जाणे, मशीनपेक्षा हाच जास्त कामाचा. कात्री आणि सुया जिथं आहेत तिथं रांगतं मूल नको एवढं साधं आहे.

आणि सासू. हसू नका, पहिल्या आठवड्यात सासवांना चहाला बोलवा. खोली दाखवा, कोण शिकवतं ते दाखवा, किती वाजता सुटणार ते सांगा आणि तेवढ्यालाच सोडा. आमच्याकडं बऱ्याच घरांत तेलुगू बोलतात, तिथं शिकवणारी बाई तेलुगू येणारी असली की अर्धं काम झालं.

शिकवायचं कसं, तर शिवणाबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण इथं सगळे घाई करतात. पहिले काही दिवस दोरा ओवायचाच नाही. वहीचा रेघांचा कागद घ्यायचा, नुसती सुई, आणि रेघेवरून भोकं पाडत मशीन चालवायचं. आधी सरळ, मग चौकोन, कोपऱ्यात सुई खाली ठेवून कागद वळवायचा, मग गोल. कागद उजेडात धरला की भोकांची रांग दिसते, कुठं हात थरथरला, कुठं मशीन उलटं फिरलं, बाईला स्वतःलाच कळतं, ओरडायची गरज नाही. पायाचं मशीन सुरुवातीला उलटं फिरतं आणि दोरा तुटतो, यावर सगळ्या वैतागतात, म्हणून आधी कागद. मग बॉबिन भरणं, तेल घालणं, बेल्ट सैल झाला तर काय, सुई मोडली तर बदलायची कशी, हे प्रत्येकीनं स्वतः करायचं, शिकवणाऱ्या ताईंनी हात लावायचा नाही. त्यानंतर पिशवी, उशीचा अभ्रा, परकर, आणि मग कुठं ब्लाउज. ब्लाउजचं कटिंग आधी खाकी कागदावर, स्वतःच्याच मापाचं. पहिला ब्लाउज तिनं स्वतःला शिवायचा, बगलेत कुठं ओढतंय ते दुसऱ्याच्या अंगावर कळत नाही. बारा बायकांना सहा मशीन पुरतात, सहा जणी मशीनवर, सहा जणी कटिंगला, तासानं अदलाबदल. मशीन शक्यतो जुनी पण दुरुस्त करून घेतलेली घ्या आणि दुरुस्तीवाल्याचा नंबर भिंतीवर लिहा.

हिशोब शिकवा, हे कोणी शिकवत नाही. कापड, अस्तर, दोरा, हुक, वीज, स्वतःचा वेळ, मग शिलाई किती सांगायची. बायका वेळेचे पैसे धरतच नाहीत, शेजारीण आहे म्हणून निम्म्यात करून देतात. आकडे बायकांना जमत नाहीत म्हणणाऱ्यांना मी म्हसवडचं सांगते. साताऱ्याच्या माण तालुक्यात चेतना सिन्हांनी बायकांची बँक काढायला अर्ज केला तेव्हा रिझर्व्ह बँकेनं पहिल्यांदा नाकारला, कारण सभासद बायका अंगठेबहाद्दर. त्या बायका लिहाय-वाचायला शिकल्या, परत गेल्या आणि साहेबांनाच म्हणाल्या की तुमच्या माणसांना सांगा व्याज काढायला, आम्ही पण काढतो, बघू कोण आधी. १९९७ ला माणदेशी बँक उभी राहिली. पुढं त्यांनी बायकांसाठी उद्योगाची शाळा काढली, बसमध्येसुद्धा.

आता शिक्षणाची बाजू. शिवण शिकायला आलेल्या बायकांत आठवी-नववीला शाळा सुटलेल्या हमखास निघतात, त्यांना हळूच विचारा दहावी करायची का. दोन रस्ते आहेत. एक, राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म, बाहेरून दहावी. किमान पाचवी पास आणि वयाची १४ वर्षं पूर्ण असली की बसता येतं, वरची वयाची अट नाही. फॉर्म ऑनलाइन असतो, तारखा मंडळ दरवर्षी जाहीर करतं, आधीच्या वर्षाच्या पावसाळ्यापासून डोळे उघडे ठेवा, परीक्षेच्या तोंडावर जाग येऊन उपयोग नाही. दुसरा, एनआयओएस म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, तिथं पाच विषय, निवड तुमची, गणित घेतलंच पाहिजे असं नाही, गृहविज्ञान घेता येतं, परीक्षा वर्षातून दोनदा, नोंदणी पाच वर्षं चालते आणि त्यात नऊ वेळा बसायची संधी, म्हणजे एकेक दोन-दोन विषय करत काढता येतात. घरचं बघून शिकणाऱ्या बाईला मला हा दुसरा रस्ता जास्त बरा वाटतो. पण ज्या बाईला गावातल्या पोरांसारखीच बोर्डाची दहावी हवी असते, तिला तीच करू द्या, तो तिचा मान आहे.

खरं घोडं अडतं शाळेच्या दाखल्यावर. दाखल्यावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, कुठं जन्मतारीखही वेगळी. पहिल्या दिवशीच सगळ्यांचे आधार आणि दाखले समोरासमोर ठेवून बघा. दाखला हरवला असेल तर माहेरच्या शाळेत जावं लागतं, जनरल रजिस्टरमधून नाव शोधावं लागतं, दुय्यम दाखला काढावा लागतो, सोबत प्रतिज्ञापत्र. लग्नाची नोंद केलेली नसते ती पण करून घ्या, नावं जोडायला तोच पुरावा. यात महिना-दीड महिना सहज जातो आणि बाई एकटी गेली की शाळेतला क्लार्क उद्या या म्हणतो, म्हणून संस्थेचं कोणीतरी सोबत जावं. ट्रस्टचं लेटरहेड या कामाला फार उपयोगी पडतं, बाकी कशाला पडो न पडो.

तर ट्रस्ट. लोक पहिल्याच मीटिंगला नाव आणि लोगो ठरवायला बसतात. माझं मत, पहिलं वर्ष नोंदणी करूच नका, कोणत्या तरी चालू संस्थेच्या किंवा बचत गटाच्या आधारानं काम करा. जिल्ह्यात काय फुकट मिळतंय ते आधी बघा. ग्रामीण भागातल्या बायकांना आरसेटीमध्ये, म्हणजे ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत, राहून-जेवून मोफत ट्रेनिंग मिळतं, ती जिल्ह्याची अग्रणी बँक चालवते. जन शिक्षण संस्थान हे तर कमी शिकलेल्यांसाठीच आहे, पूर्वी याला श्रमिक विद्यापीठ म्हणायचे आणि देशातलं पहिलं १९६७ ला मुंबईत निघालं. बचत गटासाठी माविम (महिला आर्थिक विकास महामंडळ) आणि उमेद (राज्याचं ग्रामीण जीवनोन्नती अभियान). हे सगळं असताना तेच परत कशाला उभं करायचं, तुमचं काम बाईला तिथपर्यंत पोचवणं आणि टिकवणं असू शकतं. खोली घेऊन नवा क्लास उघडण्यापेक्षा हे अवघड आहे बरं का.

नोंदणी करायचीच ठरली तर किमान सात माणसं, घटना, नियमावली, आणि धर्मादाय आयुक्तांचं ऑफिस. १८६० च्या कायद्याखाली सोसायटीचा एक नंबर मिळतो आणि विश्वस्त कायद्याखाली एफ अक्षरानं सुरू होणारा दुसरा. पॅन काढा, खातं उघडा, आयकराची नोंदणी, ज्याला लोक १२ए आणि ८०जी म्हणतात, ती सीएकडून करून घ्या, नाहीतर देणगीदाराला सवलत मिळत नाही. एक गोष्ट जवळजवळ सगळ्या छोट्या संस्था विसरतात, चेंज रिपोर्ट. कोणी विश्वस्त गेला, वारला, नवा आला की ९० दिवसांत कळवायचं असतं. ते राहिलं तर काही वर्षांनी शेड्यूल वनवर, म्हणजे धर्मादाय ऑफिसातल्या संस्थेच्या नोंदीवर, जुनीच नावं, बँक नवीन सही घेत नाही, आणि खात्यात पैसे असून शिकवणाऱ्या बाईंचा पगार थांबतो. सातमध्ये निम्म्या तरी त्याच वस्तीतल्या बायका ठेवा, सही करणारी एक तर नक्कीच. नुसत्या डॉक्टर, वकील आणि नगरसेवकांच्या मंडळाला पाण्याचा वार माहीत नसतो.

फी घ्या. महिना शंभर का होईना. फुकटचा क्लास बाईलाही सोडायला सोपा आणि नवऱ्यालाही सोडवायला सोपा. वर थोडी अनामत, पूर्ण केलं की परत, ती तिच्याच खात्यात. जिला अजिबात जमत नाही तिची माफ करा पण चारचौघीत सांगू नका.

शेवटच्या महिन्यात नवीन काही शिकवू नका, फक्त खऱ्या ऑर्डरी. लग्नसराईच्या किंवा दिवाळीच्या आधी दीड महिना हा काळ आला पाहिजे, म्हणून सुरुवातीची तारीख मागं मोजत ठरवा. अंगणवाडीचे, शाळेचे ड्रेस, बचत गटाच्या पिशव्या, जे मिळेल ते. गिऱ्हाईक माप देताना काय बोलतं, पैसे कसे टाळतं, आगाऊ किती मागायचे, हे सगळं तिथं शिकून होतं. पैसे रोख देऊ नका, तिच्या एकटीच्या खात्यावर टाका, जॉइंट खातं असेल तर आधी वेगळं काढायला लावा, आणि पासबुक भरून आणायला तिलाच पाठवा.

सर्टिफिकेट वाटपाला पाहुणे बोलवायचे तर बोलवा, माझी काही हरकत नाही. पण एक जाड रजिस्टर करा, त्यात प्रत्येकीपुढं तीन महिने, सहा महिने, एक वर्ष असे रकाने, आणि फोन करून विचारा, काम चालू आहे का, महिन्याला किती, थांबलं तर कशानं. थांबलेल्यांची कारणं लालनं लिहा, पुढची बॅच त्यावरून ठरवा. मशीन घ्यायला कर्ज हवं असेल तर मुद्रा या सरकारी कर्ज योजनेच्या शिशु गटात ५० हजारांपर्यंत तारण लागत नाही, आणि उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंद, सरकारी साइटवर फुकट होते, त्याचे हजार-पाचशे मागणारे एजंट बाजारात बरेच आहेत, बायकांना एक दिवस बसवून त्यांच्याच मोबाइलवर ती करायला शिकवा.