पश्चिम केनियात घरोघरी सर्वेक्षण: नव्याने येणाऱ्यांसाठी

‘आफ्रिकेत संशोधन करायचं आहे, सुरुवात कुठून करू?’ असं विचारणारे ई-मेल मला अधूनमधून येतात. बहुतेक पुण्या-मुंबईत अर्थशास्त्र नाहीतर समाजकार्य शिकणाऱ्या मुलामुलींचे असतात. त्यांना मी आधी देश ठरवायला सांगते, मग जिल्हा. चोपन्न देशांच्या खंडावर कुणाचा प्रबंध होत नाही. खाली लिहिलं आहे ते पश्चिम केनियातल्या सियाया, बुसिया आणि किसुमू या काउंट्यांपुरतं, म्हणजे तिथल्या जिल्ह्यांपुरतं. सेनेगलला किंवा मलावीला ते जसंच्या तसं लावू नका.

विकासाच्या अर्थशास्त्रात हा भाग फार गाजलेला आहे. मायकेल क्रेमर आणि एडवर्ड मिगेल यांचा शाळकरी मुलांना जंताच्या गोळ्या देण्याचा अभ्यास बुसियातलाच, १९९८ मध्ये सुरू झालेला. पुढे २०१९ मध्ये क्रेमर यांना अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांच्यासोबत नोबेल मिळालं. याच भागात झऱ्यांभोवती सिमेंटचं बांधकाम करून पाणी सुरक्षित केल्यावर मुलांचे जुलाब सुमारे एक चतुर्थांशाने घटल्याचं दिसलं. हे सगळं वाचूनच या. पण त्या निबंधांच्या शेवटी छापलेली कोष्टकं ज्या प्रश्नावलीतून आली, ती प्रश्नावली शोधून त्याहून बारकाईने वाचा. नवीन मुलं संगणकावरच्या विश्लेषणात महिने घालवतात आणि प्रश्न मात्र घाईघाईत लिहितात. माझ्या मते कामाचा कस प्रश्नांतच लागतो.

उदाहरणार्थ, ‘तुमचं महिन्याचं उत्पन्न किती?’ हा प्रश्न. सियायातली एखादी बाई बाजाराच्या दिवशी ओमेना विकते. व्हिक्टोरिया सरोवरातली ही बारीक मासळी. मुलगा नैरोबीहून एम-पेसावर, म्हणजे मोबाइलवरून पैसे पाठवण्याच्या सेवेवर, पैसे पाठवतो, तेही कधी पाठवतो, कधी नाही. मका घरच्या शेतातला. आणि तिची चामा असते, म्हणजे आपल्याकडच्या भिशीसारखा बायकांचा गट. त्यात तिचा नंबर लागला की एकदम मोठी रक्कम हातात पडते. या बाईला महिन्याचं उत्पन्न विचारलं तर ती तुमचा मान राखण्यासाठी एक आकडा सांगेल. तो आकडा कशाचाच नसतो. प्रत्येक मार्ग वेगळा विचारा. जेवणखाण गेल्या सात दिवसांचं, साबण-रॉकेल-मोबाइलचा खर्च तीस दिवसांचा, शाळेची फी आणि अंत्यविधीचा खर्च वर्षाचा. अंत्यविधी हा स्वतंत्र प्रश्न ठेवाच. लुओ समाजात तो कुटुंबाच्या सर्वांत मोठ्या खर्चांपैकी एक असतो, आणि ‘इतर’ या रकान्यात तो बुडून जातो.

महिना कोणता आहे हेही तितकंच महत्त्वाचं. मोठा पाऊस मार्च ते मे, त्यावरचा मका जुलै-ऑगस्टच्या सुमारास हाती येतो. त्याआधीच्या आठवड्यांत कोठारं रिकामी असतात. जूनमध्ये पाहिलेलं घर आणि सप्टेंबरमध्ये पाहिलेलं तेच घर यांची तुलना करताना हे विसरलात, तर सुगीचा परिणाम तुम्ही एखाद्या योजनेच्या नावावर जमा कराल.

मापांचंही तसंच. बाजारात मका गोरोगोरोने मोजतात. हा सुमारे दोन किलोचा पत्र्याचा डबा, पण काहींचा तळ आत दाबलेला असतो. प्रत्येक बाजारातला डबा स्वतः वजन करून बघा आणि किलोत रूपांतर त्यावरून करा. पाण्याबद्दल लिटर विचारू नका. वीस लिटरचे पिवळे कॅन किती भरले, कोणी आणले, किती खेपा झाल्या, रांगेत किती वेळ गेला, असं विचारा. ‘कोणी आणले’ याच्या उत्तरात बहुधा बाई किंवा मुलगी असते, आणि तिचा दिवस कसा जातो हे त्या एका उत्तरातून उलगडायला लागतं.

‘कुटुंब’ कशाला म्हणायचं हे पहिल्याच दिवशी ठरवून घ्या. लुओ वस्तीत एका कुंपणाच्या आत बापाचं, त्याच्या एकाहून अधिक बायकांची आणि लग्न झालेल्या मुलांची अशी वेगवेगळी घरं असतात. एका चुलीवर कोण जेवतं, या कसोटीवर आम्ही घरं मोजतो.

भाषा हा दुसरा मोठा भाग. सियायात लुओ लोकांची धोलुओ, बुसियात लुह्या समाजाच्या बोली आणि तेसो भाषा. किस्वाहिली जरूर शिका, तिच्यामुळे प्रवास आणि बाजार सोपे होतात. मुलाखत मात्र माणसाच्या घरच्या भाषेतच व्हायला हवी. भाषांतर एकाने करावं, ते परत इंग्रजीत दुसऱ्याने आणावं, आणि दोघांनी समोरासमोर बसून वाद घालावा. मुलाखती घेणारी स्थानिक मुलं-मुली या कामाचा कणा आहेत. कोणता प्रश्न लोकांना खटकतो हे त्यांना तुमच्याआधी कळतं. त्यांना नुसते ‘माहिती गोळा करणारे’ समजू नका. प्रश्नावली ठरवतानाच त्यांना सोबत बसवा, वेळेवर पैसे द्या, निबंधात त्यांची नावं घ्या. याबाबत आपलं क्षेत्र अजून फार कंजूष आहे.

परवानग्यांना वेळ लागतो. आधी नैतिकता समितीची मान्यता, मग राष्ट्रीय विज्ञान आयोगाचा, म्हणजे नाकोस्टीचा परवाना. बाहेरून आलेल्यांना त्यासाठी एखाद्या केनियन संस्थेशी संलग्न व्हावं लागतं. त्यानंतर काउंटीचं कार्यालय, चीफ म्हणजे सरकारने नेमलेला स्थानिक अधिकारी, असिस्टंट चीफ आणि शेवटी गावातले वडीलधारे. यातली एकही पायरी गाळू नका. केनियाचा वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा २०१९ चा आहे; फोन नंबर आणि नावं उत्तरांपासून वेगळी ठेवा. भारतात परतताना पिवळ्या तापाच्या लशीचा दाखला मागतात, तेव्हा निघण्याच्या किमान दहा दिवस आधी लस घ्या.

सियायातली गावं संशोधकांना सरावलेली आहेत. गिव्हडायरेक्टली या संस्थेने इथल्या दहा हजारांहून अधिक गरीब घरांना प्रत्येकी सुमारे १,००० डॉलर थेट दिले, आणि ६५३ गावांत त्याचा अभ्यास झाला. त्यामुळे हातात टॅब घेऊन आलेल्या माणसाकडून लोक पैशांची अपेक्षा ठेवतात, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. तुम्ही काय देणार आणि काय देणार नाही, हे पहिल्या वाक्यात सांगा. लोकांच्या मूलभूत गरजेला हात घालणारे प्रयोग तर दहा वेळा तपासा. नैरोबीच्या कायोले-सोवेतो वस्तीत थकबाकीसाठी पाणी तोडण्यावर झालेल्या अभ्यासावर २०२० मध्ये जगभरातून टीका झाली. ती टीका आणि संशोधकांनी दिलेलं उत्तर, दोन्ही मन लावून वाचा.

लगेच येणं जमत नसेल तर घरबसल्याही बरंच शिकता येतं. केनियाच्या सांख्यिकी ब्युरोच्या पाहण्या, २०२२ ची आरोग्य पाहणी, लोकांची मतं विचारणारी आफ्रोबॅरोमीटर, बँक-कर्ज-बचतीची पाहणी करणारी फिनॲक्सेस यांची मूळ माहिती नोंदणी करून मिळते. २००७ मध्ये सुरू झालेल्या एम-पेसामुळे सुमारे १,९४,००० कुटुंबं दारिद्र्यातून बाहेर आली, हा तवनीत सुरी आणि विल्यम जॅक यांचा अंदाज त्यांनी कोणत्या माहितीवरून आणि कसा काढला, ते पायरीपायरीने समजून घ्या. नोकरीच्या मुलाखतीत असा अभ्यास लगेच दिसतो.

आणखी एक. काम संपल्यावर निष्कर्ष गावात परत नेऊन सांगायचे असतात, चीफच्या बराझात म्हणजे जाहीर सभेत, धोलुओमध्ये. लोक तिथे अडचणीचे प्रश्न विचारतात. ‘आमच्या मुलाखती घेतल्यात, मग विहीर का झाली नाही?’ हा हमखास. त्यासाठी गाडी, मंडप, चहा आणि भाषांतर यांचा खर्च येतो. निधीचा अर्ज भरतानाच तो वेगळ्या ओळीत मागा. नंतर मागितला तर मिळत नाही.