सगळ्या मंडळ्यांचा एकत्र नाताळ: ऑक्टोबरच्या बैठकीपासून हिशेबाच्या वहीपर्यंत

महाराष्ट्रातल्या एखाद्या तालुक्याच्या गावात सीएनआयचं (चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचं) जुनं चर्च असतं, पलीकडच्या गल्लीत मेथडिस्ट, स्टँडजवळ कॅथलिक, कुठे मुक्तिफौजेचा (साल्व्हेशन आर्मीचा) हॉल, शिवाय घराच्या गच्चीवर पत्रे टाकून भरणाऱ्या एकदोन पेंटेकॉस्टल मंडळ्या. प्रत्येकाचा नाताळ वेगळा होतो आणि शेजारच्या हिंदू, मुस्लिम, बौद्ध, जैन घरांपर्यंत फार तर फराळाचं ताट जातं. वर्षातून एक संध्याकाळ सगळ्यांनी मिळून करायची, तीही शेजाऱ्यांना बोलावून, तर ती कशी आखावी याबद्दल हे लिहिलं आहे. आकडे अडीचशे माणसांसाठी धरले आहेत.

पहिली बैठक ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात घ्या. त्याहून उशीर झाला तर गाडी अडते, कारण बहुतेक मंडळ्यांच्या कमिट्या महिन्यातून एकदाच बसतात, आणि फादर किंवा पाळक स्वतः तयार असले तरी त्यांना वर विचारावं लागतं. प्रत्येक मंडळीतून तीन माणसं घ्या: एक पाळक किंवा फादर, एक महिला मंडळातली, एक तरुण संघातला. पाळकांच्या आणि फादरांच्या बदल्या होत असतात. म्हणून कामाचा दोर सर्वसामान्य सभासदांच्या हातात असावा, नाहीतर बदलीबरोबर कार्यक्रमही जातो.

या संध्याकाळी काय नसेल, ते आधी ठरवा

प्रभुभोजन, म्हणजे भाकर आणि द्राक्षारसाचा विधी (कम्युनियन), नसेल. मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची मुख्य उपासना, नसेल. कॅथलिक चर्चच्या नियमाप्रमाणे इतर मंडळ्यांतल्यांना कम्युनियन सर्रास देता येत नाही आणि कॅथलिकांनाही इतरत्र घेता येत नाही. मुक्तिफौजेत तर बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन हे विधीच पाळत नाहीत. एकाच छताखाली बसून निम्म्यांनी पुढे जायचं आणि निम्म्यांनी बाकावर थांबायचं, हे कुणालाच नको असतं. गाणी, वाचनं, छोटा संदेश आणि प्रार्थना एवढ्यावर सगळे ठामपणे एकत्र उभे राहू शकतात.

विश्वासांगीकारही, म्हणजे श्रद्धेची कलमं सगळ्यांनी एकत्र म्हणणंही, टाळलेला बरा. त्यातल्या 'कॅथलिक' किंवा 'सार्वत्रिक' मंडळी या शब्दांवरून बैठकीत अर्धा तास जातो आणि कार्यक्रमाला त्याची गरजही नसते.

प्रभूची प्रार्थना मात्र हवीच, आणि नेमकी तिथेच सगळ्यात जास्त फजिती होते. प्रोटेस्टंट मंडळ्या 'कारण की राज्य, पराक्रम व गौरव' हा शेवट धरून म्हणतात. कॅथलिकांची प्रार्थना वाइटापासून सोडवण्याच्या विनंतीवर थांबते. मिस्सेत मध्ये धर्मगुरूची प्रार्थना येते आणि मगच ते गौरवाचे शब्द. त्यामुळे अर्धी सभा 'आमेन' म्हणून गप्प होते आणि उरलेली अर्धी पुढे चालू लागते. शिवाय मराठी शब्दही दोन्हीकडे सारखे नाहीत. उपाय सोपा आहे: एकच पाठ ठरवा, कार्यक्रमपत्रिकेवर ठळक छापा आणि म्हणण्याआधी पुढे उभ्या माणसाने सांगावं, 'पत्रिकेत छापल्याप्रमाणे, शेवटापर्यंत.' वाचनांचंही तसंच. बायबलमधल्या यशया ९ आणि लूक २ या अध्यायांतले उतारे पुरतात. कोणत्या भाषांतरातून वाचायचे ते आधी ठरवून कागदावर उतरवून वाचणाऱ्याच्या हातात द्या. कुणी 'मरीया' म्हणेल, कुणी 'मारिया', त्याने काही बिघडत नाही.

तारीख

रविवारची संध्याकाळ सगळ्यांत सोयीची. शनिवारी संध्याकाळी अनेक कॅथलिक चर्चमध्ये रविवारची मिस्सा असते. गावात सेवंथ डे ॲडव्हेंटिस्ट मंडळी असेल तर त्यांचा शब्बाथ शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या सूर्यास्तापर्यंत चालतो, म्हणजे शुक्रवारची तालीम आणि शनिवारची मांडामांड त्यांना जमत नाही. कारखान्यांच्या गावी मल्याळी सिरियन ऑर्थोडॉक्स कुटुंबं असतात. त्यांचा नाताळाआधी पंचवीस दिवसांचा उपास असतो. त्या काळात अंडं, मांस, दूध ते घेत नाहीत, तेव्हा नुसता केक ठेवून भागत नाही.

शेजाऱ्यांचं कॅलेंडरही समोर घ्या. मार्गशीर्षातल्या गुरुवारी घराघरांत महालक्ष्मीचं व्रत असतं आणि संध्याकाळी पूजा असते. त्या दिवशी बायका येणार नाहीत. मार्गशीर्ष पौर्णिमेला दत्तजयंती. आपल्याकडे डिसेंबरात सूर्य सहाच्या आसपास मावळतो, म्हणून साडेसहाला सुरुवात ठेवली तर मुस्लिम पाहुणे मगरिबची नमाज आटोपून येऊ शकतात. २४ तारखेची मध्यरात्र आणि ३१ ची वर्षअखेरची उपासना प्रत्येकाची आपापली असते, त्यांना हात लावू नका.

परवानगी आणि आवाज

चर्चच्या आवारात, उघड्यावर स्पीकर लावायचा तर पोलिस ठाण्याची परवानगी लागते. पंधरा दिवस आधी अर्ज द्या. त्यात तारीख, वेळ, अंदाजे माणसं, दोन जबाबदार माणसांचे फोन नंबर आणि जागा देणाऱ्या चर्चचं पत्र हवं. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर स्पीकर बंद. वर्षातल्या काही दिवसांना रात्री बारापर्यंत सूट मिळते, पण ती दिवस ठरवून दिलेली असते. तुमचा रविवार त्यात असेलच असं धरू नका. निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवती शंभर मीटरचं शांतता क्षेत्र सरकारने जाहीर केलेलं असू शकतं. आवारात मोठे डीजेचे खोके लागतच नाहीत: दोन उभे स्पीकर, चार माइक, त्यातला एक लहान मुलांच्या उंचीला. परवानगीची प्रत स्पीकरवाल्याजवळच ठेवा, कारण विचारणा त्याच्याकडेच होते.

गाण्यांचा भाग

पाच गायक मंडळं, प्रत्येकी दोन गाणी, एका गाण्याला चार मिनिटं: चाळीस मिनिटं. उठून येण्याजाण्याची दहा. सगळ्यांनी मिळून म्हणायची तीन गाणी बारा मिनिटं, वाचनं नऊ, संदेश दहा, शेजाऱ्यांच्या शुभेच्छा आठ, मेणबत्त्या आठ. सत्त्याण्णव मिनिटं होतात, म्हणजे साडेसहाला सुरू झालं तर आठ-सव्वाआठला फराळ. एका जरी मंडळाला तिसरं गाणं दिलं की बाकीचे चारही मागतात आणि वीस मिनिटं वाढतात. नियम बैठकीतच लिहून घ्या आणि पुढचं मंडळ आधीच्याचं दुसरं गाणं चालू असतानाच बाजूला येऊन उभं राहील अशी व्यवस्था करा.

सामूहिक गाण्यांत निदान एक मराठी भजन हवंच. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर भजन-कीर्तनाचा जो बाज ख्रिस्ती उपासनेत रुजवला, तो ऐकताना वारकरी घरातला शेजारी आपसूक टाळी धरतो. परक्या चालीच्या चार कॅरलनी (नाताळगीतांनी) हे साधत नाही. भजन पेटी-तबल्यावर घ्या. परदेशी चालीच्या कॅरलची मराठी भाषांतरं मात्र मंडळीगणिक निराळी असतात आणि गायनाच्या पुस्तकातले क्रमांकही जुळत नाहीत. 'गायन नंबर अमुक' असं कधीच सांगू नका. सामूहिक गाण्यांचे पूर्ण शब्द पत्रिकेत छापा.

स्वराची गोष्ट तालमीत मिटवा. पुरुषांना काळी एक सोयीची वाटते, बायकांना त्याहून बरीच वरची पट्टी. सगळ्यांनी मिळून म्हणायच्या गाण्याचा सगळ्यात वरचा सूर कुठे जातो ते पाहून पट्टी धरा, नाहीतर दुसऱ्या कडव्याला मागचे बाक गप्प होतात. कीबोर्डवाला बटण दाबून पट्टी बदलतो, तबला तसा बदलत नाही. म्हणून तबल्याची गाणी एकाच पट्टीत ठेवा आणि सलग घ्या. एकत्र तालमी दोन पुरतात, त्यातली शेवटची त्याच जागेत, त्याच स्पीकरवर.

मेणबत्त्या

अंधार करून ज्योत पुढून मागे देत जायची, हा सगळ्यांच्या लक्षात राहणारा क्षण, आणि धोक्याचाही. सहा इंची मेणबत्त्या घ्या, अडीचशेला पावणेतीनशे. चहाच्या कागदी कपाच्या बुडाला फुलीची चीर देऊन त्यातून मेणबत्ती खालून वर सरकवा. मेण कपात साठतं, बोटांवर येत नाही. ज्योत देताना पेटलेली मेणबत्ती सरळच राहील आणि न पेटलेली वाकवायची. लोक नेमकं उलट करतात आणि मेण शेजारणीच्या साडीवर सांडतं, म्हणून हे माइकवरून एकदा करून दाखवा. पंखे बंद. दहा वर्षांखालच्या मुलांच्या हातात मेणबत्ती नको. दर दोन रांगांना एक स्वयंसेवक, दोन्ही टोकांना वाळूची बादली. गव्हाणीच्या देखाव्यात बर्फ म्हणून कापूस पसरला असेल तर तिथून दहा फुटांच्या आत एकही ज्योत नको. कापूस भुर्रकन पेटतो. कागदी चांदण्यांच्या माळा डोक्यापासून चार फूट वर बांधा.

शेजाऱ्यांना बोलावणं

छापील पत्रिका व्हॉट्सॲपवर टाकली म्हणजे आमंत्रण झालं नाही. दोन वेगवेगळ्या मंडळ्यांतली दोन माणसं मिळून जा: मशिदीच्या विश्वस्तांकडे, विहाराच्या समितीकडे, देवळाच्या पुजाऱ्यांकडे, जैन संघाकडे, गुरुद्वारा असेल तर तिथे. कॅथलिक आणि मेथडिस्ट एकत्र दारात उभे दिसले की निम्मं काम तिथेच होतं. आणि नेमकं काय असेल ते सांगा: गाणी, वाचनं, फराळ. बाप्तिस्म्याची हाक नसेल, पुस्तिका वाटल्या जाणार नाहीत, 'ज्यांना प्रभूला स्वीकारायचं आहे त्यांनी हात वर करावेत' असं कुणी म्हणणार नाही. हे फक्त पाहुण्यांना सांगून भागत नाही. संदेश देणाऱ्याकडून ते आधी कबूल करून घ्या. दहा मिनिटांचा संदेश द्यायला उभं राहिल्यावर आवाहनाचा मोह होतो, आणि घरी बोलावलेल्या माणसाला असं कोंडीत पकडलं तर तो पुन्हा येत नाही, दुसऱ्यालाही येऊ देत नाही.

पाहुण्यांपैकी चौघांना दोनदोन मिनिटं शुभेच्छा द्यायला बोलवा. त्यांना प्रार्थना करायला सांगू नका. त्यांच्याही माणसांना ती अवघड जाते. शाल-श्रीफळ आणि सत्कार टाळा. एक नाव घेतलं की दहा सुटतात, चाळीस मिनिटं जातात, शिवाय काही मंडळ्यांना नारळ आणि समई चालत नाही. प्रत्येक पाहुण्याला तुळशीचं नाही, गुलाबाचं किंवा मोगऱ्याचं रोप द्या. तुळशीबद्दल दोन्ही बाजूंना विचार पडतो. राजकीय पुढारी आले तर पहिल्या रांगेत बसवा, माइक देऊ नका.

दारात एक माणूस फक्त सांगायला ठेवा: चपला काढायच्या की नाही, डोक्यावर पदर घ्यायलाच हवा असं नाही, उभं राहायचं तेव्हा बसून राहिलं तरी चालतं. नव्या माणसाचा निम्मा संकोच याच गोष्टींचा असतो.

फराळ

माणशी दोन करंज्या, एक चकली, मूठभर चिवडा, केकचा तुकडा, चहा. चिवडा अकरा-बारा किलो. चहाला बारा लिटर दूध, तेवढंच पाणी, अर्धा ते पाऊण किलो पावडर, अडीच किलो साखर. बिनसाखरेचा चहा वेगळ्या किटलीत. करंज्या-चकल्या घराघरांत वाटून द्या, पण सारण एकाच ठिकाणी करा, नाहीतर कुठे खोबरं खवट निघतं. केक सोडून सगळा फराळ शाकाहारी ठेवा. बिनअंड्याचा केक वेगळ्या टेबलावर, वेगळ्या सुरीने, मोठ्या अक्षरांत पाटी लावून. रम किंवा वाइन घातलेला केक अजिबात नको. जैन पाहुण्यांसाठी कांदा-लसूण नसलेला चिवडा, उपास असणाऱ्यांसाठी केळी आणि राजगिऱ्याचे लाडू.

पैसे

खर्च सगळ्यांत सारखा वाटू नका. तीस घरांच्या मंडळीला तीनशे घरांच्या मंडळीएवढा वाटा झेपत नाही, आणि ती लाजेने बोलतही नाही, पुढच्या वर्षी नुसती येत नाही. घरांच्या प्रमाणात ठरवा. पाहुण्यांसमोर दानाची थैली फिरवू नका. खजिनदार यजमान चर्चचा नसावा, पैसे काढायला दोन मंडळ्यांतल्या दोघांच्या सह्या हव्यात, आणि हिशेब आठ दिवसांत लिहून प्रत्येक चर्चच्या फलकावर लागला पाहिजे.

पुढच्या वर्षीचा यजमान हिशेबाच्या बैठकीतच ठरवा आणि एक पेटी त्याच्याकडे सोपवा: उरलेल्या मेणबत्त्या, पाट्या, गाण्यांच्या शब्दांची फाइल, पोलिसांना दिलेल्या अर्जाचा नमुना, आमंत्रितांची यादी आणि हिशेबाची वही. यादीत आणखी एक रकाना आखा, त्यांच्याकडून आपल्याला आलेल्या बोलावण्यांचा: इफ्तार, बुद्धपौर्णिमा, पर्युषण, वारीच्या वाटेवरची पाण्याची सोय. त्यांतल्या कुठे आपल्यातलं कोण गेलं, त्याची नावं वर्षभर तिथे भरत राहा.