ग्रॅफाइटचा अग्निरोधक लेप: या चुका टाळा

अग्निरोधक लेपात घालायचे ग्रॅफाइट म्हणजे वंगणासाठी मिळणारी काळी पूड नव्हे, हे मला आजही वारंवार सांगावे लागते. इथे लागते ते फुगणारे ग्रॅफाइट, म्हणजेच ज्याच्या थरांमध्ये गंधकाम्ल शिरवलेले आहे असे नैसर्गिक फ्लेक, म्हणजे चपट्या पापुद्र्यांसारखे कण. ग्रेडनुसार साधारण २०० अंश सेल्सिअसच्या आसपास त्यातून वायू सुटू लागतो, थर एकमेकांपासून दूर ढकलले जातात आणि चपटा फ्लेक अळीसारखा लांबतो. अशा असंख्य अळ्यांचा जाड थर आगीची धग खालच्या लाकडापर्यंत लवकर पोहोचू देत नाही. साधी पूड फुगत नाही, त्यामुळे तिचा इथे उपयोग नाही.

सर्वांत महाग पडणारी चूक म्हणजे फ्लेक दळणे. रंगाच्या कारखान्यात वाढलेल्या माणसाला हेगमन गेजवर, म्हणजे खाचेत रंग ओढून त्यातले कण किती बारीक आहेत ते पाहण्याच्या पट्टीवर, रेघोट्या दिसल्या की चैन पडत नाही. परंतु ८० मेशचा (मेश म्हणजे चाळणीच्या जाळीचे माप; आकडा मोठा तितके कण बारीक) फ्लेक सुमारे १८० मायक्रॉनचा आणि नेहमीच्या गेजची खाच १०० मायक्रॉन खोल, तेव्हा रेघोट्या उमटणारच. भोसरीतल्या एका कारखान्यात असताना आमच्या नव्या केमिस्टने या रेघोट्यांना घाबरून, कोणालाही न विचारता, २०० किलोंची बॅच बीड मिलमधून, म्हणजे बारीक मण्यांनी दळणाऱ्या यंत्रातून, काढली. लेप विलक्षण गुळगुळीत झाला आणि तो मोठ्या कौतुकाने डबा दाखवायला आला. आम्ही प्लायवुडच्या तुकड्यावर तो लावला, पूर्ण वाळू दिला आणि गॅसची ज्योत धरली. आदल्या बॅचच्या तुकड्यावर बोटभर उंच फुगारा आला होता. यावर जेमतेम एक पापुद्रा धरला आणि थोड्याच वेळात मागच्या बाजूने धूर येऊ लागला. फ्लेक बारीक झाला की वायू थर उचलण्याआधीच कडांमधून निसटतो. तुटलेला फ्लेक पुन्हा जोडता येत नाही, म्हणून ती सगळी बॅच टाकून द्यावी लागली.

तेव्हापासून बाकीचे सर्व घटक आधी मिसळून, गती उतरवून, ग्रॅफाइट अगदी शेवटी सावकाश फिरणाऱ्या पॅडलखाली थोडेथोडे सोडण्याची सवय मी लावून घेतली आहे. वीस मिनिटे वाचवण्यासाठी सगळे एकदम वेगाने घुसळणाऱ्या डिस्पर्सरमध्ये ओतणाऱ्याने या मालाला हात लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. शिवाय प्रत्येक नव्या गोणीतला १ ग्रॅम माल क्वार्ट्झच्या बीकरमध्ये घालून तापलेल्या मफल भट्टीत फुगवतो आणि किती मिलिलिटर झाला ते वहीत लिहून ठेवतो.

दुसरी चूक एकट्या ग्रॅफाइटवर विसंबण्याची. फुगलेल्या अळ्या एकमेकींना धरून राहत नाहीत. ज्योतीच्या झोताने त्या उडतात आणि खालचे लाकूड उघडे पडते. सोबत अमोनियम पॉलिफॉस्फेट असेल, तर तापल्यावर त्यातून फॉस्फरसचे चिकट आम्ल तयार होते आणि कोळशाचा थर बांधून ठेवते.

उघड्या लोखंडावर हा लेप प्रायमरशिवाय लावू नये, कारण उरलेले आम्ल आणि विद्युतवाहक ग्रॅफाइट दोन्ही गंजाला हातभार लावतात. लेप लवकर वाळावा म्हणून ओव्हनचे तापमान चढवू नये. पांढऱ्या रंगाचा आग्रह असेल, तर वरून वेगळा टॉपकोट द्यावा.

उच्च दाबाने लेप फवारणाऱ्या एअरलेस गनमधली ६० मेशची जाळी मात्र काढूनच फवारावे. तिची भोके सुमारे २५० मायक्रॉनची असतात आणि ५० मेशचा फ्लेक ३०० मायक्रॉनचा. “लेप फुगतच नाही” अशी तक्रार आली की मी आधी ती जाळी उघडायला सांगतो; आत काळा गाळ साचलेला असेल, तर तेवढे ग्रॅफाइट पृष्ठभागावर पोहोचलेलेच नसते.