उद्योगघराण्यातील वारसाचा जीवनपट कसा लिहावा

राजकारणाशी निकटचे नाते असलेल्या धनाढ्य घराण्यातील वारसाचे चरित्र लिहायला घेतले की लेखणी लगेच एका बाजूला झुकते. एक तर ‘सगळे आयते मिळालेला माणूस’ म्हणून त्याची बोळवण होते, नाहीतर कंपनीच्या स्मरणिकेत शोभेल असा गौरवलेख तयार होतो. हे टाळायचे असेल, तर त्याला वारशाने काय मिळाले, त्याने त्यात स्वतः काय केले आणि सरकारी धोरणाने त्याला काय दिले किंवा नाकारले, हे तीन हिशेब पहिल्या टिपणापासून वेगळे ठेवावेत. उदाहरणादाखल स्कूटर बनवणाऱ्या बजाज ऑटो कंपनीचे प्रमुख राहिलेले राहुल बजाज (१९३८–२०२२) यांचे आयुष्य घेऊ. त्यांच्याबाबतीत तिन्ही गोष्टी एकमेकींत इतक्या गुंतलेल्या आहेत की सरावाला ते उत्तम आहे.

सुरुवात जन्मतारखेपासून न करता दोन पिढ्या मागून करावी. आजोबा जमनालाल बजाज यांना स्वतःलाही संपत्ती दत्तकविधानातून मिळाली होती. वर्ध्याच्या शेठ बच्छराज यांच्या घरात ते नातू म्हणून आले. पुढे ते काँग्रेसचे खजिनदार झाले, इंग्रजांनी दिलेली रायबहादूर ही पदवी त्यांनी परत केली, १९२८ मध्ये वर्ध्याचे लक्ष्मीनारायण मंदिर दलितांसाठी खुले केले आणि गांधीजी त्यांना पाचवा पुत्र मानत. वडील कमलनयन बजाज वर्ध्यातून तीनदा लोकसभेवर निवडून गेले. वारसा म्हणजे केवळ समभाग नव्हेत, हे या पार्श्वभूमीवरून वाचकाला कळते: ओळखी, विश्वास आणि दिल्लीत उघडणारे दरवाजे हेही त्यातच मोडतात. राहुल हे नाव पंडित नेहरूंनी सुचवले, यासारख्या कौटुंबिक आठवणी अवश्य घ्याव्यात, पण त्या आठवणी म्हणूनच सांगाव्यात.

यानंतर सर्वांत कष्टाचे आणि सर्वांत फलदायी काम येते. एका कागदाच्या डाव्या बाजूस नायकाच्या कारकिर्दीतील तारखा आणि उजव्या बाजूस त्याच काळातील सरकारी निर्णय लिहावेत. डावीकडे १९६८ मध्ये बजाज ऑटोची सूत्रे हाती येणे, १९७१ मध्ये इटलीच्या पियाजिओ या स्कूटर कंपनीशी असलेला करार संपणे आणि १९७२ मध्ये ‘चेतक’ स्कूटर बाजारात येणे असेल. उजवीकडे कारखान्याने किती उत्पादन करायचे हे सरकारने ठरवण्याची परवाना पद्धती (‘परवाना राज’), १९६९ चा मक्तेदारी नियंत्रण कायदा, आणीबाणीत या समूहावर पडलेल्या प्राप्तिकराच्या धाडी आणि १९९१ चे उदारीकरण. दोन्ही बाजू समोरासमोर आल्या की सोपी विधाने टिकत नाहीत. ज्या परवान्यांनी उत्पादन वाढवू दिले नाही आणि ग्राहकाला स्कूटरसाठी वर्षानुवर्षे थांबायला लावले, त्याच परवान्यांनी नव्या प्रतिस्पर्ध्यांनाही बाहेर ठेवले. म्हणून ‘परवाना राजचा बळी’ आणि ‘परवाना राजचा लाभार्थी’ यांपैकी एकच शब्द निवडणारा लेखक, माझ्या मते, अर्धेच काम करतो. १९९३ मध्ये परदेशी कंपन्यांशी समान पातळीवर स्पर्धा करता यावी अशी मागणी करणाऱ्या ‘बॉम्बे क्लब’ या उद्योजकांच्या गटाचे बजाज प्रमुख प्रवक्ते होते, याची नोंदही इथेच घ्यावी. स्कूटरकडून मोटारसायकलकडे झालेल्या वळणाचे, विशेषतः २००१ च्या ‘पल्सर’चे श्रेय देताना पुढच्या पिढीचा, म्हणजे राजीव बजाज यांचा वाटा वेगळा दाखवावा, वडिलांच्या चरित्रात मुलाचे काम सहज विरघळून जाते.

राजकीय संबंधांविषयी लिहिताना ‘जवळचे’, ‘वजनदार’ अशी विशेषणे गाळून पद, वर्ष आणि पाठिंबा देणारे पक्ष लिहावेत. प्रमोद महाजन यांच्या निधनाने रिकाम्या झालेल्या जागेवर २००६ मध्ये बजाज महाराष्ट्रातून अपक्ष म्हणून राज्यसभेवर गेले. भाजप, शिवसेना आणि राष्ट्रवादी काँग्रेस यांचा त्यांना पाठिंबा होता आणि समोर काँग्रेसचा उमेदवार होता. काँग्रेसच्या खजिनदाराचा नातू काँग्रेसच्याच उमेदवाराला हरवतो, ही घटना घराण्याच्या निष्ठेविषयीचे ठोकताळे मोडते. राज्यसभेतील प्रश्न आणि भाषणे सभागृहाच्या नोंदींत सापडतात. ती मुळातून वाचावीत.

संपत्तीचा आकडा देताना तो कोणाचा आहे हे आधी ठरवावे. श्रीमंतांच्या याद्यांमध्ये पुष्कळदा संपूर्ण कुटुंबाची मालमत्ता एका नावावर दाखवतात, तर उमेदवाराच्या प्रतिज्ञापत्रात स्वतःची, जोडीदाराची आणि अवलंबितांची मालमत्ता व कर्जे असतात. प्रवर्तकांची, म्हणजे कंपनीवर नियंत्रण असलेल्या कुटुंबाची, भागधारणा शेअर बाजाराकडे दर तिमाहीस सादर होते. मात्र ती बरेचदा गुंतवणूक कंपन्यांमार्फत असल्याने एक पायरी मागे जाऊन पाहावे लागते. पद्मभूषणसारख्या सन्मानांना एक वाक्य पुरे.

उत्तरार्धातील वादग्रस्त वक्तव्ये मात्र घाईने आटोपू नयेत. नोव्हेंबर २०१९ मध्ये मुंबईतील एका समारंभात गृहमंत्री अमित शहा मंचावर असताना, सरकारवर टीका करण्यास उद्योजक घाबरतात, असे बजाज जाहीरपणे म्हणाले. अशा प्रसंगी ध्वनिचित्रफीत पाहून शब्द टिपावेत आणि कोणी घाबरण्याचे कारण नाही हे शहा यांचे उत्तरही त्याच परिच्छेदात द्यावे. धाडसी किंवा हेतुपुरस्सर असा शिक्का लेखकाने मारू नये. आणीबाणीतील धाडींची नोंद आधीच्या पानावर आलेली असेल, तर हे वक्तव्य कोणत्या अनुभवाच्या माणसाने केले, हे वाचक स्वतः ताडून पाहू शकतो.