एमएस प्रोजेक्टमध्ये वेळापत्रक बसवताना या चुका टाळा

एमएस प्रोजेक्ट या मायक्रोसॉफ्टच्या नियोजनाच्या सॉफ्टवेअरमध्ये बसवलेली बांधकामाची वेळापत्रके तपासायला येतात तेव्हा मी सर्वप्रथम 'कन्स्ट्रेंट टाइप' (तारखेच्या बंधनाचा प्रकार) हा रकाना पडद्यावर आणतो. तिथे ओळीमागून ओळ 'स्टार्ट नो अर्लियर दॅन' दिसू लागले, की तारखा हाताने भरल्या आहेत हे कळते आणि पुढचे निम्मे दोष फाइल न चाळताच ओळखता येतात. 'स्टार्ट'मध्ये तारीख लिहिणे ही साधी नोंद वाटते. प्रत्यक्षात त्या कामावर 'या दिवसाआधी सुरू व्हायचे नाही' असे बंधन पडते. आधीचे काम लांबले तर जोडणीमुळे हे कामही पुढे सरकते, म्हणून बंधनाकडे कोणाचे लक्ष जात नाही. आधीचे काम लवकर आटोपले तर मात्र ते जागचे हलत नाही.

पुण्याजवळच्या एका निवासी इमारतीच्या कामावर नेमके हेच घडले. पाऊस उशिरा आल्यामुळे खोदाई आणि पाया जवळपास दोन आठवडे आधी उरकला. परंतु नियोजन पाहणाऱ्या तरुण इंजिनिअरने प्रत्येक स्लॅबला करारातल्या तारखा चिकटवल्या होत्या, त्यामुळे पहिल्या स्लॅबचे सेंट्रिंग (काँक्रीट ओतण्यासाठीचा साचा) कागदावर जुन्याच तारखेला राहिले, साच्याच्या प्लेट्सही त्याच हिशेबाने मागवल्या गेल्या आणि मधल्या काळात हातावर हात ठेवून बसण्याऐवजी मुकादमाने सळया वाकवून बांधणाऱ्या बारबेंडरांची टोळी दुसऱ्या साइटवर नेली. कमावलेले दिवस तिथेच संपले. वर त्या इंजिनिअरचे म्हणणे असे, की सॉफ्टवेअरने काही सांगितलेच नाही. वास्तविक 'इंडिकेटर'च्या रकान्यात प्रत्येक स्लॅबसमोर कॅलेंडरचे छोटे चिन्ह होते. मी सगळी कामे 'अ‍ॅज सून अ‍ॅज पॉसिबल'वर, म्हणजे जमेल तितक्या लवकर, ठेवतो आणि करारातली तारीख 'डेडलाइन'मध्ये लिहितो, कारण ती हुकली तर इशारा मिळतो, पण काम अडत नाही. लिफ्टचा पुरवठा अमुक तारखेआधी होणारच नाही, अशा ठिकाणीच बंधन घालावे आणि त्याचे कारण 'नोट्स'मध्ये लिहावे.

दुसरी चूक म्हणजे लाल माणसाचे चिन्ह (कोणावर तरी क्षमतेपेक्षा जास्त काम पडल्याची खूण) दिसताच 'लेव्हल ऑल', म्हणजे कामाचा भार समतोल करण्याचे बटण, दाबणे. दहा मिनिटांचा व्हिडिओ पाहून आलेल्यांना हे बटण फार आवडते. ते माणसे वाढवत नाही, फक्त कामे पुढे ढकलते किंवा तोडते, आणि कोणते काम आधी ठेवायचे हे आपण सांगितले नसेल तर स्वतःच्या क्रमाने ठरवते. प्रत्येक कामाची 'प्रायॉरिटी' मुळात ५०० असते. १००० दिलेल्या कामाला लेव्हलिंग हात लावत नाही. शिवाय पुष्कळदा लाल चिन्ह मुळातच खोटे असते: सहा प्लंबरांची टोळी एकच रिसोर्स (काम करणारे मनुष्यबळ) म्हणून लिहायची आणि 'मॅक्स युनिट्स' १०० टक्के ठेवायचे, म्हणजे प्रोजेक्टच्या लेखी तो एकच माणूस. तिथे ६०० टक्के हवे. मी आधी हे आकडे दुरुस्त करतो, मोजक्या कामांची प्रायॉरिटी वाढवतो आणि लेव्हलिंग केवळ उपलब्ध स्लॅकपुरतेच, म्हणजे शेवटची तारीख न हलवता मिळणाऱ्या सवडीपुरतेच, करू देतो. त्यानंतरही जे लाल उरते त्याची यादी घेऊन ठेकेदाराशी बोलावे लागते. त्याला आडवाट नाही.

कॅलेंडरकडे तर बहुतेक जण पाहतच नाहीत. 'स्टँडर्ड' कॅलेंडर सोमवार ते शुक्रवार, रोज ८ तासांचे असते, तर साइट सहसा आठवड्याचे सहा दिवस चालते. क्युअरिंगचे (काँक्रीट ओले ठेवण्याचे) उलट आहे: काँक्रीटला सुट्टी नसते. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकानुसार साध्या पोर्टलँड सिमेंटसाठी किमान ७ आणि मिश्र सिमेंटसाठी किमान १० दिवस क्युअरिंग लागते; हा कालावधी 'इलॅप्स्ड' (सुट्ट्यांसह सलग मोजलेल्या) दिवसांत लिहिला नाही तर मधल्या सुट्ट्या त्यात भरल्या जातात आणि प्रत्येक स्लॅबमागे वेळापत्रक विनाकारण लांबते.

समरी टास्क, म्हणजे अनेक कामे पोटात घेणाऱ्या शीर्षक-ओळी, एकमेकांना जोडू नयेत. २०१० च्या आवृत्तीपासून नवीन टास्क मुळात 'मॅन्युअली शेड्यूल्ड' (तारखा हाताने बदलाव्या लागणारा) असतो, तो पहिल्याच दिवशी 'ऑटो'वर आणावा. बेसलाइन (मंजूर वेळापत्रकाच्या जपून ठेवलेल्या प्रती) ११ साठवता येतात, तेव्हा सुधारित वेळापत्रक मंजूर झाले म्हणून पहिलीवरच नवी लिहिणाऱ्याने विलंबाच्या दाव्याच्या वेळी मूळ तारखा माझ्याकडे मागू नयेत.